घमेल्यातलं पाणी

रेवणसिद्ध माझं आयुष्य मोठ्यानं वाचून दाखवत होता आणि मी अधूनमधून मान हलवत होते. नवा जिल्हा, नवं कलेक्टर ऑफिस. भिंतींचा चुना अजून ओला, कोपऱ्यात उस्मानाबादहून आलेली दप्तरं लाल फडक्यांत बांधून ठेवलेली, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यांवर घरात लग्न निघाल्यासारखी धांदल. उद्याच्या समारंभात जिल्ह्याचे गुणिजन म्हणून आम्हा पाचजणांना शाल-श्रीफळ मिळणार होतं. एक पैलवान, एक कीर्तनकार, दोन स्वातंत्र्यसैनिक आणि मी. शिवाय मला दहा मिनिटं पियानो वाजवायचा होता. रेवणसिद्ध माझ्या शाळेतला जुना विद्यार्थी, आता इथं क्लार्क. लहानपणी प्रार्थनेत इतका बेसूर गायचा, की मी त्याला नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. आता तो घसा खाकरून वाचत होता, "कुमारी नीलम्मा सिद्धलिंगप्पा कोरे. जन्म उदगीर. शिक्षण सिकंदराबाद. हैदराबाद, मद्रास, कलकत्ता, मुंबई इथं पियानोच्या मैफली. बहात्तरच्या दुष्काळात कोरड्या हवेनं त्यांच्या पियानोला तडा गेला आणि एका थोर कलावतीला मैफलींना मुकावं लागलं." तो थांबला. "बरोबर हाय न्हवं, मॅडम?" मी म्हटलं, "बरोबर आहे." त्याच वेळी माझ्यापुढं पाण्याचा ग्लास आला. धरणाऱ्या हाताला अंगठा होता, अनामिका होती, करंगळी होती. मधली दोन बोटं मुळापासून नव्हती. "पाणी घ्या, बाई." मी वर पाहिलं. एके काळी माझ्या घरी राबणाऱ्या गंगम्मानंही माझ्याकडं पाहिलं, ग्लास टेबलावर ठेवला आणि पुढच्या टेबलाकडं गेली.

मी रेवणसिद्धला विचारलं, "ही बाई इथं कधीपासून?" तो म्हणाला, "गंगम्मा व्हय? तहसीलला रोजंदारीवर होती चार वर्सं. आता नव्या ऑफिसात चार-पाच जणांला कायम करून राहिले, त्यात तिचं बी नाव हाय. साहेबांच्या टेबलावर पडलीय फाइल. का हो?" पाणी मी प्याले नाही. ग्लास तसाच ठेवून उठले आणि गोलाईच्या बाजारपेठेच्या बाजूनं घरी चालायला लागले. दुकानांच्या पाट्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' खोडून रंगारी 'जि. लातूर' लिहीत होते. एका शिडीखालून जाताना खांद्यावर रंगाचा थेंब पडला, तर रंगारी वरून म्हणाला, "शकुन समजा, बाई." दहा वर्षं. लातूर काही मुंबई नव्हे. दहा वर्षांत एक माणूस दुसऱ्याला दिसू नये एवढं मोठं हे गाव कधीच नव्हतं. म्हणजे मी पाहत नव्हते. भाजीला गेले की खाली मान घालून वांगी निवडायची, तहसीलचं काम असलं की शाळेच्या शिपायाला पाठवायचं. माणसानं ठरवलं की त्याला आंधळं होता येतं, आणि वर लोक त्याला कलावंताची तंद्री म्हणतात.

तंद्रीची ही सवलत मला लहानपणापासून मिळाली. आमचे अप्पा उदगीरचे आडते. सिकंदराबादच्या छावणीला ते तूर पुरवायचे आणि तिथं कुणा गोऱ्या बाईला पियानो वाजवताना त्यांनी पाहिलं. झालं, माझी मुलगी हे शिकणार! कशासाठी, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. आठव्या वर्षी मला कॉन्व्हेंटात टाकलं. मिस डिक्रूझ हाताच्या पाठीवर सुपारी ठेवायची आणि स्केल वाजवायला सांगायची. सुपारी पडली की पहिल्यापासून. आम्ही लिंगायत. सकाळी मी आंघोळ करून गळ्यातलं इष्टलिंग काढायची, डाव्या तळव्यावर ठेवायची, पाणी घालून पूजा करायची, आणि तेवढा वेळ नन बायका खिडकीबाहेर पाहायच्या. मिस म्हणायची की तुझा डावा हात फार शांत आहे, असा हात मी पाहिला नाही. अप्पा म्हणायचे, शांत असणारच, त्याच्यावर रोज देव बसतो. एकोणिसाव्या वर्षी मी हैदराबादला पहिली मैफल केली. मग मद्रास, कलकत्ता. वर्तमानपत्रांत माझ्या डाव्या हाताबद्दल छापून यायचं. साडी नेसून, कपाळाला विभूती लावून युरोपातलं संगीत वाजवणारी बाई म्हणजे लोकांना सर्कशीतल्या अस्वलासारखं थोडं वाटायचंच, पण वाजवायला लागले की ते विसरायचे. मीही विसरायची. लग्न, घर, उदगीर, सगळं. त्या विसरण्यासाठीच मी वाजवत होते असं आता वाटतं.

अप्पा गेले, अव्वाला म्हणजे आईला अर्धांगवायू झाला आणि सहासष्ट साली मी पियानोसकट लातूरला आले. शाळेत नोकरी धरली, अव्वाला सांभाळायला गंगम्माला ठेवलं, आणि मैफल असली की गाडी पकडायची. गल्लीतल्या लोकांना माझं वाजवणं म्हणजे गिरणीच्या पट्ट्यासारखं रोजचं झालं होतं. गंगम्मा मात्र ऐकायची. अव्वाचं अंग पुसता पुसता मध्येच म्हणायची, "बाई, रोज त्येच त्येच का वाजविता? येतंय की तुमाला." मी म्हणायची, "येत नाही म्हणून वाजवते." ती हसायची. "मंग मला बी सैपाक येत न्हाई म्हना की, रोज करून राहिले तर." तिच्याएवढी मोकळी मी कुणाशीच नव्हते. मैत्रीण म्हणणार नाही. मैत्रिणीला कुणी आईचं अंथरूण धुवायला लावत नाही. पण घरात ती नसली की मला करमायचं नाही, हे खरं.

मग तो दुष्काळ. त्याबद्दल सगळ्यांनी सगळं सांगून झालंय, मी काय वेगळं सांगणार! विहिरीच्या तळाला माणसं उतरवून वाटीनं पाणी भरत होते. टँकर तिसऱ्या दिवशी यायचा, कधी यायचा नाही. आणि नेमकं त्याच हिवाळ्यात मुंबईहून पत्र आलं. एप्रिलच्या मध्यावर मैफल, पूर्ण वाद्यवृंदाबरोबर, संचालक परदेशी, आणि जमलं तर पुढं तिकडं परदेशात सहा शहरांचा दौरा. मी बेचाळीस वर्षांची होते. बेचाळिसाव्या वर्षी असं बोलावणं दुसऱ्यांदा येत नाही हे मला कळत होतं, आणि त्या पत्रानंतर मला दुसरं काही कळेनासं झालं. जानेवारीत पियानो सुरात लावायला सिकंदराबादचा व्यंकटस्वामी आला. त्यानं आतल्या फळीला कान लावला, बोटानं टकटक केलं आणि तोंड वाईट केलं. "बाई, लकडी सूखरी. हवा में पानीच नै. ऐसाच रहा तो गर्मियों में फटती." मग उपाय सांगितला: पियानोची खालची फळी काढायची, आत पाण्यानं भरलेलं पसरट घमेलं ठेवायचं, फळी लावून टाकायची, आणि पाणी कधी कमी होऊ द्यायचं नाही. पाणी ठेवायचं एवढं मला कळलं. ते तिथं बसून काय करतं, हे मी विचारलं नाही. देवापुढं तांब्या भरून ठेवतात, तसं ते नुसतं असायला हवं, अशी काहीतरी माझी समजूत झाली. सगळं आयुष्य त्या लाकडापुढं काढलं, पण ते लाकूड आहे हा विचार मी कधी केला नव्हता.

गंगम्मा पहाटे जाऊन दोन कोस लांबून दोन घागरी आणायची, टँकर आला तर रांगेत उभी राहायची. पहिलं पाणी घमेल्यात. उरलेल्यात अव्वा, स्वयंपाक, मी. मी आंघोळ तिसऱ्या दिवशी करत होते. लिंगाच्या पूजेला चमचाभर पाणी घ्यायची, आणि तेही अव्वाच्या औषधात ओतायची. अव्वाचं तोंड वाकडं झालं होतं पण जीभ शाबूत होती. ती म्हणाली, "देवाला चमचाभर आन् लाकडाला घमेलंभर. वा गं नीलू, वा!" मी घमेल्याच्या आतल्या अंगाला खडूनं रेघ मारून ठेवली होती आणि रोज सकाळी फळी काढून ती पाहत होते. फेब्रुवारीपर्यंत पाणी जवळपास रेघेपाशीच होतं. मार्चमध्ये पाणी रोज बोटभर उतरायला लागलं. आणि मार्चमध्येच गंगम्माची मुलगी शिवकन्या बाळंतपणाला आली होती. आता कुणी विचारलं तर मी सांगेन की ऊन वाढलं होतं, वारा भट्टीतून यावा तसा येत होता, खोलीचं दार उघडं होतं. तेव्हा मला एवढंच दिसलं, की तिच्या घरी एक पोटुशी मुलगी आहे आणि माझं पाणी कमी होतंय.

मी आठ दिवस बोलले नाही. वाजवताना मात्र कान पियानोत नसायचा, तिच्या पावलांकडं असायचा. ती त्या खोलीत गेली की बोटं अडखळायची. नवव्या दिवशी टँकरपाशी, सगळी गल्ली घागरी लावून उभी असताना, मी तिला विचारलं, "गंगम्मा, पियानोतलं पाणी तू नेतेस का?" ती आधी हसली, तिला थट्टा वाटली. मग म्हणाली, "बाई, म्या कशाला नेऊ? मागितलं असतं की." मी म्हणाले, "मागितलं असतंस तर दिलं नसतं, हे तुला माहीत आहे. म्हणून नेलंस." हे वाक्य माझ्या तोंडून फार नीट, ठाय लयीत आलं. रांगेतली एक बाई म्हणाली, "पाण्याची चोरी? आईगं." तेव्हा सोनं चोरलं असतं तर लोकांनी एकवेळ पोटात घातलं असतं. गंगम्मानं घागर खाली ठेवली. "लेकरांची आण बाई, पेले न्हाई म्या. त्या गर्भार पोरीची आण." मी म्हणाले की उद्यापासून येऊ नकोस. त्या दिवसापासून तिला कुणी रांगेत पुढं येऊ दिलं नाही, आणि गल्लीतल्या दुसऱ्या कुठल्या घरानं कामालाही ठेवलं नाही. पाण्याच्या चोराला दुष्काळात कोण उंबऱ्याच्या आत घेणार!

त्या संध्याकाळी घमेलं मी स्वतः भरलं, रेघेपर्यंत. खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. सकाळी कुलूप काढलं, फळी काढली. पाणी रेघेच्या खाली बोटभर.

मी जमिनीवर बसून राहिले. फरशी गरम होती. हात आत घातला, तर लाकूड थंड होतं आणि त्याला किंचित ओल होती. पाणी त्यासाठीच होतं, उडून जाण्यासाठीच. ते कमी होत होतं म्हणूनच पियानो जिवंत होता. शाळेतल्या चौथीच्या पोरालाही हे सांगता आलं असतं. मी तेव्हाच उठायला हवं होतं. गंगम्माचं घर माझ्या दारापासून किती, पाच मिनिटांवर. तिथं जायचं, चुकलं म्हणायचं, आणि टँकरपाशी सगळ्यांसमोर पुन्हा तेच म्हणायचं. मैफलीला अकरा दिवस होते. मी विचार केला: आता गेले तर रडारड होईल, मन विस्कटेल, हात जातील. मैफल होऊ दे. आल्यावर पहिलं काम हेच. अगदी असाच, शांतपणे, विचार केला. अव्वाचं करायला शेजारची एक म्हातारी ठेवली आणि दिवसाला सात तास वाजवत राहिले. त्या अकरा दिवसांत मी जसं वाजवत होते तसं त्याआधी कधीच वाजवलं नव्हतं. हे सांगताना मला लाज वाटते, पण ते खोटं नाही.

मुंबईची मैफलही तशीच झाली. लोक उभे राहिले. त्या परदेशी संचालकानं माझा डावा हात दोन्ही हातांत घेतला आणि त्याच्या भाषेत काहीतरी बोलला. दौरा पक्का झाला. परत आले त्या दिवशी पिशवी ठेवून मी खरंच गंगम्माच्या घरी गेले. दाराला कडी. शेजारीण म्हणाली की ती लेकीला घेऊन माहेरी गेली, मुखेडकडं. तिथं रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडत होती. "हात गेला म्हनं तिचा. मोठा धोंडा घसरला. नांदेडच्या दवाखान्यात हाय." मी विचारलं, कधी? तिनं दिवस सांगितला. मैफलीच्या आदल्या दिवशीची दुपार. मी तेव्हा दादरला एका ओळखीच्या घरी टेबलावर बोटं चालवत बसले होते.

दुसऱ्या दिवशी एसटीनं नांदेडला गेले. दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात बायका भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. जाळीच्या खिडकीतून ती दिसली. हाताला कोपरापर्यंत पांढरं गुंडाळलेलं. शेजारी शिवकन्या बसली होती, पोट घागरीसारखं पुढं, आणि आईला भाकरीचा तुकडा भरवत होती. मी आत गेले नाही. पिशवीत मोसंबी होती, ती आयाच्या हातात दिली आणि "मुखेडच्या गंगम्माला द्या" म्हटलं. कोणी दिली म्हणून सांगू, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, सांगू नका. परतीच्या गाडीत मी डावा हात पदराखाली झाकून बसले होते. दौऱ्याला नाही म्हणून कळवलं. का, तर काय लिहायचं? पियानोला तडा गेला, असं लिहिलं. ते सगळ्यांनी मानलं, छापलं, हळहळले. त्या पियानोला आजतागायत केसाएवढाही तडा नाही. सगळ्या मराठवाड्यात त्या उन्हाळ्यात इतकं जपलेलं दुसरं काही नसेल.

आणि आता उद्या आठ हमाल लावून तो पियानो समारंभाच्या मांडवात न्यायचा, आणि तडा गेल्याची गोष्ट माइकवर वाचली जायची, आणि मांडवाच्या मागं तीन बोटांच्या हातानं ती पाहुण्यांसाठी पाणी भरणार. हे मात्र माझ्यानं झालं नसतं. घरी येऊन मी ठरवलं की सकाळी आधी तिच्याकडं जायचं आणि सगळं सांगायचं. कुलूप, किल्ली, बोटभर पाणी, अकरा दिवस, नांदेडची खिडकी. मग ती जे म्हणेल ते. ती थुंकली तरी चालेल. चारचौघांत बोलले होते, तेव्हा चारचौघांत सांगायचं. रेवणसिद्धच्या कागदावरचं ते वाक्य खोडायला लावायचं आणि माइकवरच खरं सांगायचं. अव्वा असती तर म्हणाली असती, दहा वर्षांनी शहाणपण सुचलं. सकाळी पूजेला बसले तेव्हा मला बऱ्याच वर्षांनी मोकळं वाटत होतं. असं वाटण्याइतकं अजून मी काहीच केलं नव्हतं, हे ध्यानात आलं नाही.

मांडवाच्या मागं कनातीच्या सावलीत ती रांजणावर फडकं बांधत होती. केस पिकले होते, पाठ तशीच ताठ. हातानं काम करायची तिची पद्धत बदलली होती. फडक्याचं टोक ती दातांत धरत होती. मला पाहताच तिनं ते सोडलं आणि उभी राहिली. मी म्हणाले, "गंगम्मा, मला तुझ्याशी बोलायचंय. त्या पाण्याबद्दल. पियानोतल्या." तिनं मान वळवून ऑफिसकडं पाहिलं. तिथं पायऱ्यांवर रेवणसिद्ध आणि दोन साहेब उभे होते. मी पुढं बोलणार, तेवढ्यात ती जवळ आली आणि खालच्या आवाजात, भराभर बोलायला लागली. "हाव बाई. म्याच पेले व्हते. म्याच नेलं व्हतं पानी. पोरीचे दिवस भरले व्हते, चूक झाली माझी. तुमी बोलला ते खरं व्हतं. पर साहेबांला सांगू नका, बाई. आता कुठं कायम व्हायची येळ आलीय. माझ्या हातानं दुसरं काम व्हत न्हाई. लई उपकार व्हतील."

मला काही क्षण कळेचना की ती काय म्हणतेय. मग कळलं. ती खोटं बोलत होती. ती गेल्यानंतरही पाणी तेवढंच उतरत होतं, कुलपाच्या आत, हे जगात मला एकटीला माहीत होतं. तिला वाटलं होतं, काल मी तिला ओळखलं आणि आज तक्रार करायला आले. मोठी माणसं ज्यासाठी येतात त्यासाठीच मी आले असणार, आणि मोठ्या माणसांना जे ऐकायचं असतं ते आधीच देऊन टाकलं की वाचता येतं, हे ती या दहा वर्षांत शिकली होती. गर्भार लेकीची आण घेणारी गंगम्मा. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की गप्प बस, तू प्याली नाहीस. चार-पाच शब्द. ते जिभेवर होते. माइकवरून कुणीतरी पाहुण्यांना बसून घ्यायला सांगत होतं आणि रेवणसिद्ध माझ्याकडं बघून हात हलवत होता, चला मॅडम, चला.

आणि मला हायसं वाटलं. हे लपवून उपयोग नाही. छातीवरचा धोंडा उतरावा तसं वाटलं. तीच म्हणतेय की तिनं नेलं. मग मी काय केलं? एका चोराला कामावरून काढलं, दुसरं काय? किती सोपं झालं होतं ते, आणि ते तिनंच सोपं करून दिलं होतं. मी ऐकलं, माझा आवाज म्हणत होता, "जाऊ दे गंगम्मा. झालं गेलं. मी केव्हाच विसरले. साहेबांना मी चांगलंच सांगेन तुझ्याबद्दल." तो आवाज मायाळू होता. गंगम्माच्या डोळ्यांत पाणी आलं. "देव भलं करंल तुमचं," ती म्हणाली, आणि वाकली, आणि त्या हातानं माझ्या पायांना शिवली. मी पाय मागं घ्यायला हवे होते. घेतले नाहीत.